मार्गदर्शक उत्तर देत नाहीत तेव्हा

"गेटला स्कोअर चांगला होता, एम.टेक.ला प्रवेशही मिळाला, पण आता थीसिसच्या वर्षात वाटतंय की मला काहीच येत नाही." अभियांत्रिकीची हुशार मुलं माझ्याकडे येतात तेव्हा हे वाक्य या ना त्या रूपात येतंच. दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावचा मुलगा हेच घेऊन आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जेट्टीच्या काँक्रीटमध्ये खारटपणा किती खोल शिरतो, हा त्याचा विषय. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फुटतं. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या धक्क्यांवर हे कुणालाही दिसेल. त्याने नमुने काढून थराथराने पूड केली, क्लोराइड मोजलं. हाती असलेल्या शोधनिबंधात ते पृष्ठभागावर सर्वांत जास्त आणि आत कमी कमी होत गेलेलं. त्याच्याकडे मात्र सर्वांत जास्त आकडा पृष्ठभागाच्या थोडा आत. पुन्हा मोजलं, तरी तेच. मार्गदर्शक सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "तुला काय वाटतं?" याने त्याचा अर्थ घेतला, "तुला जमत नाहीये." मग तो सरांना टाळू लागला. बोटीवर जाणारे बाबा फोनवर विचारायचे, "तुझ्याबरोबरची पोरं नोकरीला लागली, तुझं कधी रे संपणार?"

झोप आणि जेवण ठीक आहे ना, हे मी आधी विचारून घेतलं. तिथे बिघाड असता तर थीसिस बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक तर मी प्रत्येकालाच देते.

मग त्याला म्हटलं, "सरांना खरंच उत्तर माहीत नसेल तर?" हा विचार त्याला शिवलाच नव्हता. पहिलीपासून बी.ई.पर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुणाकडे तरी तयार असतं, आणि ते लवकर सापडणं म्हणजे हुशारी. संशोधनात उत्तर कुणाकडेच नसतं. तिथलं गोंधळणं हा कामाचाच भाग आहे, पण मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आम्ही एकच गोष्ट ठरवली. सरांना भेटण्याच्या आदल्या दिवशी त्यांना एक पान लिहून पाठवायचं: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय दिसलं, का झालं असावं, पुढे काय करून बघू. चौथा मुद्दा त्याला जड गेला. "चुकीचं लिहिलं तर?" "तर सर खोडतील. खोडायला काहीतरी दे त्यांना."

त्या मुद्द्यासाठी त्याने तोच निबंध पुन्हा वाचला, यावेळी निष्कर्ष सोडून प्रयोगाची पद्धत. तिथले नमुने सतत पाण्यात बुडवलेले होते. याच्या जेट्टीचा भाग लाटांच्या तुषारांनी भिजतो आणि उन्हाने सुकतो. भिजण्या-सुकण्यात खारं पाणी आत शोषलं जातं, शिवाय पाऊस वरचा थर धुऊन काढतो. हे त्याने लिहिलं, आणि पहिल्यांदाच सरांशी तासभर चर्चा झाली.

त्यातूनच कळलं की आतल्या थरात क्लोराइड जास्त सापडल्याची नोंद इतरांनीही केली आहे. तो हिरमुसला, "म्हणजे नवीन काहीच नाही." मला उलट वाटतं. जाणकार संशोधक जिथे पोचले तिथे तो स्वतःच्या विचाराने पोचला होता. आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊस त्या थराला किती बदलतो, हा प्रश्न त्याच्यापुढे उरला होताच.

त्याच्या बाबांचं काय करायचं, हे राहिलं होतं. मी सुचवलं, थीसिस कधी संपेल ते सांगू नकोस, काम काय आहे ते सांग. सुट्टीत तो त्यांना जेट्टीवर घेऊन गेला. उधाणाला पाणी कुठवर चढतं, पावसाळी वाऱ्यात कुठल्या खांबांवर तुषार उडतात, हे बाबांनी खांबाखांबाला हात लावून दाखवलं. ते त्याने वहीत टिपलं. आता त्याच खांबांचे नमुने तो मे महिन्यात आणि पुन्हा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात घेणार आहे. थीसिस त्यामुळे लांबेल, आणि हे त्याने बाबांना स्वतःच सांगितलं आहे.