छोट्या शाळेतला आनंद आणि वहीतली वजाबाकी

तुमची अडचण थोडक्यात अशी: मुलगी दहिसरच्या छोट्या शाळेत तिसरीत आहे. इयत्तेला एकच तुकडी, वर्गात पंचवीसच्या आत मुलं, पोरगी रोज उड्या मारत जाते. पण ठाण्याच्या मोठ्या शाळेतला तिच्याच वयाचा आतेभाऊ दर आठवड्याला चाचण्या देतो, आणि सासूबाई विचारतात, 'शाळेत नुसतं खेळायलाच पाठवता का?' मी साठ-साठच्या तुकड्याही सांभाळल्यात आणि नंतर बरीच वर्षं अशाच छोट्या शाळेत प्राथमिकला शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल आनंदात आहे एवढ्यावरून अभ्यास कसा चाललाय ते कळत नाही. बाई रागावत नाहीत, गृहपाठ नाही, सगळ्यांना 'छान' शेरा, यानेही मुलं खूश असतात. काल अडलं होतं ते आज सुटलं, यानेही असतात. पहिल्या प्रकारची खुशी पाचवीत अपूर्णांक आले की ओसरते. तुमच्या घरी यातली कुठली आहे ते शोधायला चाचण्या लागत नाहीत, वही पुरते.

गणिताची वही काढा. ५२ वजा २७ चं उत्तर कितीतरी मुलं ३५ लिहितात. तो निष्काळजीपणा नसतो. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, हा नियम त्यांनी स्वतःच बनवलेला असतो आणि इमानेइतबारे पाळलेला असतो. साठच्या वर्गात अशा उदाहरणावर लाल फुली पडते आणि बाई पुढची वही ओढतात. त्यांना दुसरा इलाजच नसतो. वीस-बावीसच्या वर्गात बाईंना तीच चूक ओळीने तीन उदाहरणांत दिसते. दुसऱ्या दिवशी त्या पोरीला काड्यांचे दशकाचे गठ्ठे देऊन बसवता येतं, एक गठ्ठा सोडायला लावता येतो, मग बारातून सात काढायचे. दहा मिनिटांचं काम, पण मोठ्या तुकडीत ती दहा मिनिटं सापडत नाहीत. छोट्या शाळेत मन रमणं आणि अभ्यास होणं एकत्र जमतं ते इथे: चूक झाल्यावर लाज वाटायच्या आत ती कुणीतरी दुरुस्त करून देतं. तेव्हा वहीत हे बघा, की फुलीनंतर काय झालं? तशाच प्रकारचं उदाहरण चार दिवसांनी पुन्हा दिलंय का? नुसते हसऱ्या चेहऱ्यांचे शिक्के असतील आणि ३५ तसंच राहिलं असेल, तर वर्ग छोटा असून काय उपयोग?

वाचनाचंही तसंच. शिकवून झालेला धडा मुलं पाठ म्हणतात. तिच्यासमोर न वाचलेलं गोष्टीचं पान ठेवा आणि काय झालं ते तिच्या शब्दांत सांगायला लावा.

प्रगतिपुस्तकावर मात्र फार विसंबू नका. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला आकारिकचा (वर्षभराच्या निरीक्षणाचा) वाटा ६० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) ४०, म्हणजे निरीक्षणाला परीक्षेपेक्षा जास्त वजन. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वर्णनात्मक नोंदी छापील नमुन्यावरून उतरवल्या जातात. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होते' हे वाक्य वाचून मी कंटाळलेय. तुमच्या मुलीच्या नोंदीत फक्त तिच्याबद्दलच खरं असेल असं एक तरी वाक्य आहे का, ते शोधा.

वर्ग लहान असल्याने खरंच फरक पडतो का, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून झाला. बालवर्ग ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं १३ ते १७ च्या आणि २२ ते २५ च्या वर्गांत वाटलं होतं. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, गरीब घरांतली तर विशेष. पण त्यांचा 'मोठा' वर्ग म्हणजे तुमच्या मुलीचा वर्ग! आपल्या शिक्षण हक्क कायद्यातलं प्राथमिकचं प्रमाणही एका शिक्षकामागे ३० चं आहे. कमी पटसंख्येने नुसती संधी मिळते, पुढचं सगळं बाईंवर.

छोट्या शाळेचे तोटेही आहेत आणि ते शाळा सांगत नाही. वर्गात मुली नऊ-दहाच असतील आणि त्यातल्या चौघींशी बिनसलं, तर पोरीला दुसरी तुकडी नसते. चांगल्या बाई सोडून गेल्या की अख्खी इयत्ता गडगडते. शिवाय मुलं स्वतःची हुशारी वर्गातल्या इतरांवरून मापतात. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी यावर बरंच संशोधन केलंय. छोट्या वर्गात पहिली येणारी मुलगी मोठ्या शाळेत गेली की अचानक स्वतःला 'ढ' समजू लागते, येत तेवढंच असताना. म्हणून मुख्याध्यापिकांना विचारा, मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुलं नव्या शाळेत कशी आहेत? छोट्या शाळेला हे नावानिशी माहीत असायला हवं. नसेल, तर मला काळजी वाटेल.

आतेभावाच्या चाचण्यांचं म्हणाल, तर त्याच्याही वहीत ३५ असू शकतं. आणि बदली केलीत तर बसचा वेळ धरा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला तो मुलांच्या झोपेसाठी. ती झोप घोडबंदर रोडवर घालवण्यात अर्थ नाही.

मी तुमच्या जागी असते तर चौथीपर्यंत हलवलं नसतं, वही ठीक असेल या अटीवर. तुमची शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीची चौकशी मात्र चौथीच्या दिवाळीतच सुरू करा. वही ठीक नसेल तर आधी वर्गशिक्षिकांना एकटं भेटा, पालकसभेत सगळ्यांसमोर नको, आणि त्या नेमकं काय करणार ते विचारून सहा आठवडे द्या. तेवढ्यात हातच्याची वजाबाकी सुटायला हवी. नाही सुटली तर शाळा बदलायला माझी हरकत नाही, मग सासूबाई काहीही म्हणोत.