‘क्वाइट गुड’ ऐकून हुरळू नकोस
लंडनच्या ऑफिसात नवीन आहेस, म्हणून सांगतो. इंग्रज आखडू, अमेरिकन बढाईखोर, असं दोघेही एकमेकांबद्दल तुझ्या कानाशी लागतील. मान डोलव, मनावर घेऊ नकोस. बरीच भानगड शब्दांची असते. अमेरिकन ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर काम झकास. इंग्रज म्हणाला तर बहुधा ‘बरंय’ इतकंच. मीटिंगमध्ये विषय ‘टेबल’ करायचा म्हणजे इंग्रजाला तो आत्ता चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकनाला बाजूला ठेवायचा. यात माझा एकदा अख्खा तास गेलाय! १९४२ साली अमेरिकेच्या युद्ध खात्याने ब्रिटनला निघालेल्या सैनिकांना चक्क पुस्तिका दिली होती: फुशारक्या मारू नका, इंग्रज गप्प असला म्हणजे तुसडा नव्हे. आणि हो, चहा-कॉफीच्या वादात पडूच नकोस.