फिरत्या डिस्कला दोन शिखरं दिसतायत, प्रोब बदलू नका

थांबलेल्या पोलादी डिस्कवर हॅमर मारला की प्रोबच्या (डिस्कला न टेकता तिची थरथर टिपणाऱ्या सेन्सरच्या) स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती थरथर याच्या आलेखात, 120 हर्ट्झला एकच शिखर येतं, 1200 आरपीएमला फिरवली की ते गायब होऊन 80 आणि 160च्या थोडं वर दोन उगवतात, असं तुम्ही लिहिलंय. प्रोब ठीक आहे. तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

डिस्क अशी थरथरते तेव्हा तिचे काही व्यास स्थिर राहतात, मधला पत्रा वरखाली होतो. खरं तर तिच्यावर दोन लाटा धावत असतात, एक फिरण्याच्या दिशेने, दुसरी उलट. डिस्क फिरू लागली की दोन्ही लाटा तिच्याबरोबर वाहून नेल्या जातात, प्रोब मात्र स्टँडवर जागच्या जागी. म्हणून त्याला एक लाट जलद भासते, दुसरी संथ. स्थिर व्यास 2 आणि सेकंदाला 20 फेरे, म्हणून 120च्या 2 × 20 = 40 हर्ट्झ वर, 40 खाली. केंद्रोत्सारी ताणाने पत्रा ताठ होतो, त्यामुळे दोन्ही आकडे जरा वर सरकतात. लॅम्ब आणि साउथवेल यांनी 1921 साली ताठ होण्याचं गणित मांडलं. 1924 साली इंजिनिअर कॅम्पबेलने टर्बाइनच्या चक्रांच्या अशाच थरथरण्यावरचं काम प्रसिद्ध केलं. डिस्कवरच स्ट्रेन गेज (पत्र्याचा ताण मोजणारी पट्टी) लावलात तर तो तिच्याबरोबरच फिरतो, म्हणून एकच शिखर दिसेल.

व्यास 2च आहेत ना, हे आधी थांबलेल्या डिस्कवर वाळू भुरभुरून बघा. रत्नागिरीत आहात म्हणून सांगतो, मांडवीची काळी वाळू घेऊ नका. तिच्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं, डिस्क थरथरवणाऱ्या इलेक्ट्रोमॅग्नेटकडे ओढली जाऊन वाळूची आकृती बिघडते. पांढरी वाळू गोड्या पाण्यात धुऊन, खडखडीत वाळवून घ्या.

मग वेग 300 आरपीएमपासून टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक वेळी स्पेक्ट्रम घ्या. शिखरांमधलं अंतर वेगाच्या प्रमाणात वाढायला हवं. जी शिखरं नेमकी वेगाच्या पटीत सरकतात ती असंतुलनाची किंवा रनआउटची (डिस्क वाकडी बसल्याने किंवा पृष्ठभाग असमान असल्याने दर फेरीला येणाऱ्या फरकाची). ती वेगळी काढा. खाऱ्या हवेत डिस्कवर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात आणि तुमच्या एडी करंट (धातूत वीजप्रवाह उमटवून अंतर मोजणाऱ्या) प्रोबला तेही रनआउटसारखे दिसतात. संध्याकाळी तेलाचा हात फिरवून ठेवा, सकाळी पुसा.

दुसरा प्रोब मिळाला तर पहिल्यापासून 45 अंशांवर लावा. एका शिखराला फेज (दोन प्रोबच्या लहरींमधला पुढे-मागेपणा) 90 अंश पुढे, दुसऱ्याला 90 अंश मागे आली की शंकाच उरत नाही.

3600 आरपीएमच्या बरंच वर उलटी लाट प्रोबला थबकलेली दिसेल. तिथे बाहेरून एका जागी पडलेला हलका दाबही डिस्क वाकवतो. वखारीतली गोल करवत फार वेगात लाकडात लहरते ती यामुळेच. तुम्हाला तिथवर जायची गरज नाही. जाड पोलादी गार्ड बसवा आणि व्हीएफडीची (मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हची) मर्यादा आजच 1500 आरपीएमवर लॉक करा.