सुईण की दाई? आणि अंगावर पाजणं

प्रश्न असा आहे की गावातल्या जुन्या बायकांच्या बाळंतपणाच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवल्यात, आता त्याची सूची करायचीय, तर सुईण आणि दाई एकच समजून सगळीकडे 'दाई' लिहिलं तर चालेल का, आणि 'अंगावर पाजणं' ऐवजी 'स्तनपान' टाकावं का.

माझं मत सरळ आहे, बाई जे बोलली तेच आधी लिहा, तुमचा शब्द नंतर शेजारी टाका. कारण दाई या एका शब्दात दोन वेगवेगळी कामं बसलीत. मूळ फारसी 'दाया' म्हणजे दुसऱ्याचं मूल अंगावर पाजणारी, सांभाळणारी. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ या अर्थाने दाई, आपण त्यांना दूधआई म्हणतो. तिथे बाळंतपण करण्याचा काही संबंध नाही. पुढे हिंदीत आणि मग आपल्याकडेही दाई म्हणजे बाळंतपण करणारी झाली, विदर्भात तर सर्रास तेच म्हणतात, आणि सरकारी 'दाई प्रशिक्षण' वगैरेमुळे तो शब्द सगळीकडे पोचला. सुईणीचं तसं नाही, प्रसूतीमधला जो 'सू' तोच तिच्यात आहे (शिवणाच्या सुईशी काही घेणंदेणं नाही, हे मला दर वेळी कोणीतरी विचारतंच). सुईण म्हणजे बाळंतपण करणारीच. नाळ कापणार, वार (बाळामागून पडते ती, प्लासेंटा) पडली का बघणार, मग पुढचे दहाबारा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, अंघोळ, शेक, धुरी, आणि पाचवीला त्या सुईणीची खणानारळाने ओटी. तेव्हा सगळ्यांना दाई करून टाकलं तर अजून पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कळणारच नाही की ही बाई दूध पाजत होती की नाळ कापत होती.

असं आधी झालेलंच आहे की. 1885 चं पुणे गॅझेटियर (इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) बघा, जातवार लिहिलंय, बाळ जन्मल्यावर काय करतात, पाचवीला सटवाईची पूजा कशी होते, सगळं. पण इंग्रजीत, आणि सगळीकडे 'मिडवाइफ'. सांगणाऱ्याने सुईण म्हटलं होतं का दाई का अजून काही, ते गेलं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत डॉक्टरकीसाठी हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला, तो जपून ठेवलाय हे आपलं नशीब, पण तोही इंग्रजीतच.

आता खरी गंमत क्रियापदात आहे, तिकडे जास्त लक्ष द्या. 'माझी पाच बाळंतपणं झाली' म्हणजे तिला स्वतःला पाच वेळा मूल झालं. 'मी पाच बाळंतपणं केली' हे सुईण म्हणाली तर तिने बायका मोकळ्या केल्या, पण तेच वाक्य एखादी आई म्हणाली तर लेकी-सुनांना सव्वा महिना घरात ठेवून डिंकाचे लाडू, अळीव, शेकशेगडी सगळं केलं, कळा येताना ती दवाखान्याच्या बाहेर बसलेली असली तरी. सूचीत नुसतं 'बाळंतपण' लिहिलं की तिन्ही एकाच डब्यात. म्हणून बोलणारी कोण ते नोंदवाच.

'अंगावर' चंही तसंच. 'मूल अंगावर पितंय' म्हणजे आईचं दूध, 'अंगावरून जातंय' म्हणजे स्राव, आणि 'दुखणं अंगावर काढलं' म्हणजे औषधपाणी न करता तसंच सोसलं. तिन्ही एकाच आजीच्या बोलण्यात पाच मिनिटांत येतात, कॉम्प्युटरवर 'अंगावर' शोधाल तर सगळा गोंधळ. स्तनपान हा शब्द शोधायला सोयीचा आहे, टॅग म्हणून जरूर ठेवा, फक्त टाइप करताना बोलणाऱ्या बाईच्या तोंडी घालू नका, कारण कुठलीच आजी 'मी स्तनपान केलं' म्हणत नाही, आणि नीट बघितलं तर पान करतं ते बाळ, आई पाजते. 'दोन वर्षं अंगावर, मग वरचं' हे आलं की 'वरचं' म्हणजे गाईचं, शेळीचं दूध, हे कंसात लिहा, शहरातल्या मुलाने टाइप केलं तर त्याला तो वरचा मजला वाटेल.

आणि गोव्याकडची रेकॉर्डिंग असतील तर तिथे 'वयजीण' ऐकू येईल, कोकणीत सुईणीला तेच म्हणतात. ती वैद्यीण समजून औषधवाल्यांच्या यादीत टाकू नका, सुईणीखाली घ्या आणि शब्द वयजीण असाच ठेवा.