एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतंय, तरी गावाकडचे शेतकरी उपचार मध्येच का सोडतात?

प्रश्नात 'फुकट देतंय, तरी' असं लिहिलंय म्हणून उत्तर लिहायला बसलो. हे वाक्य आमच्या आबांच्या (थोरले चुलते) तोंडून मी कैक वर्षं ऐकतोय.

गोळ्या फुकट आहेत, बरोबर. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीचा उपचार देणारं केंद्र) मिळतात, २०१७ पासून तर सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती का असेना, पॉझिटिव्ह निघाला की लगेच चालू करतात. पण राधानगरीच्या वरच्या अंगाच्या माणसाला कोल्हापुरात सीपीआरला (सरकारी दवाखाना) यायचं म्हणजे एसटीचं तिकीट, अख्खा दिवस, बुडालेली हजेरी, आणि स्टँडवर गावातलं कोण भेटलं की "कुठं निघालास?" माझ्या दादाला पण ह्याच गोळ्या चालू आहेत. तो गोळ्यांच्या बाटलीत फडक्याचा तुकडा कोंबायचा, पिशवीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून.

आता खरं कारण. तेव्हाच्या गोळीत इफाव्हिरेंझ नावाचं औषध असायचं, झोपताना घ्यायची, घेतली की गरगरायचं. झोपणाऱ्याला चालतंय हो, पण शेतीची लाईट एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री, आणि रात्रपाळीला उसाला पाणी पाजायला दादाच जायचा. एका रात्री मी बघायला गेलो तर हा बांधावर डोकं धरून बसलेला, बॅटरी सरीत पडून तशीच पेटलेली, पाटाचं दारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात. त्यानंतर लाईट रात्रीची असली की तो गोळी घ्यायचाच नाही. म्हणजे महिन्यातले जवळजवळ पंधरा दिवस. कुणाला बोलला नाही, मलापण नाही.

दादाचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढलेला निघाला तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "फुकटची गोळी गिळायला पण येत नाही ह्याला." सेंटरच्या समुपदेशक मॅडमनी मात्र पहिलं विचारलं, "रात्री झोपता किती वाजता?" मग दादानं सगळं सांगितलं.

आबा, त्याला अक्कल नव्हती म्हणून नाही, लाईटचं वेळापत्रक तसं होतं म्हणून गोळ्या चुकल्या. आणि रात्रीचं पाणी तुमच्याच उसाला पण तोच पाजत होता.

आता इफाव्हिरेंझच्या जागी डोलुटेग्रॅव्हिर औषधवाली गोळी आहे, वेळ आपल्या सोयीनं ठरवता येते. दादा सकाळी डेअरीला दूध घालून आला की घेतो.

एक राहिलं, सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. बीडकडनं येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचं वेगळंच, उपचाराचं कार्ड तिकडं आणि माणूस पाच-सहा महिने इकडं फडात. निघायच्या आधी आपल्या सेंटरला सांगितलं तर इकडच्या सेंटरला बदली करून देतात. गोळीची वेळ मात्र मनानं बदलू नका, सेंटरला विचारा, नाहीतर १०९७ ह्या एड्स हेल्पलाईनला फोन लावा, तोपण फुकट आहे.