बागेतली आगगाडी आणि नाशिकची थंडी : वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्याकडच्या पत्रांचा विषयच बदलतो. पावसाळाभर बागेतल्या मॉडेल आगगाडीचा ट्रॅक झाकून ठेवलेली मंडळी गाड्या बाहेर काढतात आणि प्रश्न सुरू. या छंदाची बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेतली, त्यात हिवाळा म्हणजे बर्फ कसा काढायचा एवढंच, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही, आपलं दुखणं दव, धूळ आणि काळी माती.

प्रश्न : गंगापूर रोडला घरामागे ४५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) पितळी ट्रॅक टाकलाय. दिवाळीत मस्त चालत होती, आता सकाळी लावली की झटके खाते, मधेच थांबते, बोटाने ढकललं की परत पळते. दुपारी बरी असते. ट्रान्सफॉर्मर गेला का?

उत्तर : नाही हो, आधी ट्रान्सफॉर्मर बदलायला पळू नका. ढकलल्यावर पळते म्हणजे करंट रुळापर्यंत येतोय, चाकापर्यंत पोचत नाहीये. रात्री आभाळ मोकळं असलं की रूळ हवेपेक्षाही गार पडतात आणि त्यांच्यावर दव धरतं. नुसतं दव असतं तरी चाललं असतं, पण आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे बांधकाम चालू, धूळ उडतेच, ती ओल्या रुळावर बसते आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच चाकं तिची काळी पेस्ट करून अख्ख्या लूपवर फासत सुटतात. त्यात पितळ उघड्यावर काळं पडणारच. दुपारी ओल सुकते म्हणून गाडी जरा बरी चालते, पण तो थर तसाच असतो.

सकाळी आधी काठीला सुती फडकं गुंडाळून रूळ पुसून घ्या, मग भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, नवा आणि कोरडा, रुळाच्या फक्त वरच्या बाजूवर फिरवा. पॉलिश पेपर नको, त्याने ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्यातच जाऊन बसते. चिंच-मीठ लावून चकाचक करायचा मोह होईल तोही आवरा, आंबट रस सांध्यात राहिला की तिथूनच पितळ खराब व्हायला लागतं. रूळ पुसले आणि इंजिनाची चाकं तशीच काळी ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात, ती पण पुसा.

एवढं करूनही एकाच ठिकाणी थांबत असेल तर सांधा बघा. नुसत्या सरकवून बसवलेल्या फिशप्लेटा (रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) बाहेर राहून सैल होतात, तिथे स्क्रूने आवळायच्या क्लॅम्प टाइप लावा आणि लूपच्या पलीकडच्या टोकालाही वायरची एक जोडी द्या, म्हणजे लांबच्या वळणावर व्होल्टेज पडत नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र घरात किंवा कोरड्या व्हरांड्यातच, बागेत फक्त कमी व्होल्टेजची वायर जाऊ दे.

आणि माझं खरं मत विचाराल तर नवीन काही करणार असाल तर बॅटरी आणि रेडिओ कंट्रोलवर जा. बॅटरी इंजिनाच्या मागच्या डब्यात बसते, रुळातून करंट न्यायची भानगडच नाही, रूळ काळे असले तरी गाडी चालते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये म्हणतात, ती चिंता आपल्याला नाही, नाशिकला तिला जपायचं ते मे महिन्यातल्या उन्हापासून. सुरुवातीला खर्च जास्त आहे हे खरं, पण रोज सकाळी वाकून रूळ पुसणं पन्नाशीनंतर किती दिवस जमणार तेही बघा.

प्रश्न : मखमलाबादला मळ्यातच घर आहे. जूनमध्ये लेव्हल लावून ट्रॅक टाकला होता, आता मधेच खचलाय, एका ठिकाणी तर रुळाखाली हात जाईल एवढी भेग. गाडी पडते.

उत्तर : काळी माती आहे ना, मग असंच होणार. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते आणि थंडीत वाळत गेली की आकसते, मग भेगा. तुम्ही लेव्हल लावली ती जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडायच्या आधी, नंतर माती फुगली तसा ट्रॅक वर आला आणि आता आकसताना सगळीकडे सारखा खाली बसला नाही. वरून सिमेंटचा पातळ पट्टा ओतून बघू असं बरेच जण म्हणतात, तो पट्टापण तडकतो आणि मग फोडायचं काम वाढतं.

ट्रॅकखाली वीतभर खोल नि तेवढाच रुंद चर काढा, काळी माती काढून टाका, मुरूम भरून पाणी मारून धुमसा, वर दोन बोटं बारीक ग्रीट आणि त्यावर ट्रॅक. ट्रॅक खिळ्यांनी ठोकून टाकू नका, खडीत नुसता बसू द्या, दर वर्षी दिवाळीनंतर स्पिरिट लेव्हल लावून जिथे बसलाय तिथे ग्रीट सारून वर घ्यायचा. खऱ्या रेल्वेतसुद्धा रुळाखाली खडी सारत राहणं हे कायमचं काम असतं, आपल्याला कुठून सुटका. ठिबकची नळी ट्रॅकपासून लांब ठेवा, एका बाजूची माती ओली नि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की ट्रॅक तिरपा झालाच.

प्रश्न : सुट्टीत नवीन ट्रॅक टाकतोय. रुळाचे तुकडे जोडताना सांध्यात फट ठेवायची का? दुकानदार म्हणतो घट्ट लावा.

उत्तर : ठेवायची. पितळ १० मीटर लांबीला दर अंशामागे साधारण ०.१९ मिमी वाढतं. थंडीत सकाळी रूळ १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापून ५५ ला सहज जातो, म्हणजे १० मीटरच्या सरळ लाईनला साडेआठ मिमी झाले, ते कुठेतरी जाणारच, फट नसेल तर ट्रॅक बाजूला फुगतो. तुमचे तुकडे सव्वा मीटरचे असतील तर सकाळच्या गारव्यात टाकताना दर सांध्याला १ मिमी फट पुरे, जुनं एटीएम कार्ड मधे धरून बसवलं की झालं, ते पाऊण मिमीच्या आसपास असतं, वर केसभर जास्त सोडा. हेच काम भर दुपारी करत असाल तर फट निम्मी करा. फटीमुळे करंट तुटत असेल तर सांध्यावरून लवचिक वायरचा छोटा तुकडा सोल्डर करा.

प्रश्न : देवळाली कॅम्पला राहतो. काकांचं गॅसवर चालणारं वाफेचं छोटं इंजिन मला मिळालंय. सकाळी आच अगदी मंद असते, प्रेशर चढतच नाही, दुपारी ठीक. शिवाय धुराड्यातून पाणी उडतं.

उत्तर : भारी वारसा मिळालाय. या इंजिनात बहुतेक ब्यूटेन असतो आणि ब्यूटेन शून्याच्या जवळपास उकळतो, त्यामुळे हवा गार असली की टाकीत त्याचा दाब कमीच राहतो. त्यात गॅस जळायला लागला की टाकी स्वतःच अजून गार पडते, म्हणजे दोन्हीकडून मार. टाकी कोमट पाण्याच्या वाटीत बसेल अशी सोय करा, कोमट म्हणजे हात आरामात ठेवता येईल एवढंच, उकळतं पाणी किंवा लायटर टाकीजवळ अजिबात नाही. प्रोपेन मिसळलेला कॅम्पिंगचा गॅस थंडीत चांगला चालतो, पण तुमच्या टाकीला तो चालतो असं माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच. घरच्या सिलेंडरमधून भरायचा विचारसुद्धा करू नका. गॅस भरायचा तो उघड्यावर, आजूबाजूला काही पेटतं नको, कारण ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचून राहतो.

धुराड्यातून पाणी उडतं ते नॉर्मल आहे, गार सिलिंडरमध्ये वाफेचं परत पाणी होतं. पहिली फेरी हळू काढा, डबे न जोडता, सिलिंडर तापले की थांबेल, फक्त धुराड्यावर वाकून बघू नका. बॉयलरमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार बसतात, डिस्टिल्ड वापरा. आणि चालवायची तर सकाळीच चालवा हो, गार हवेत वाफेचा पांढरा लोट जसा दिसतो तसा मे महिन्यात अजिबात दिसत नाही.

प्रश्न : जुना एचओ (घरात चालवायच्या छोट्या मापाच्या गाडीचा) सेट आहे, गच्चीच्या बागेत कायमचा लावला तर?

उत्तर : नको. १६.५ मिमी गेज, अडीच मिमी उंचीचा रूळ, एक वाळकं पान पडलं तरी गाडी घसरेल आणि मुंग्या मोटरमध्ये शिरतील ते वेगळंच. प्लायवर बसवून रविवारी उन्हात आणा, झालं की आत.

प्रश्न : मुलाला बागेत कसारा घाट करायचाय, मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनासकट. जमेल?

उत्तर : जमेल, पण चढ खरा ठेवू नका. कसारा-इगतपुरीचा चढ १:३७ आहे, म्हणजे मीटरला पावणेतीन सेंटीमीटर, आणि आपली इंजिनं दव पडलेल्या रुळावर तिथे जागच्या जागी चाकं फिरवत बसतात. मीटरला दोन सेंटीमीटर धरा, बघणाऱ्याला घाटच वाटतो. बँकरसाठी दोन्ही इंजिनं आधी डबे न जोडता हातभर अंतर ठेवून त्याच रुळावर सोडा. अंतर तेवढंच राहिलं तर जोडी जमेल. मागचं जोरात पळत असेल तर वळणावर ते मधले डबे बाहेर फेकणार, म्हणून जास्त पळणारं इंजिन पुढे लावा नि मंद असलेलं मागे. आणि ऊन चढून रूळ सुकल्याशिवाय घाट सुरू करायचा नाही असं मुलाला आधीच सांगून ठेवा.