सेसना 172 या छोट्या विमानाच्या इंजिनात ऑइल 8 क्वार्टपर्यंत (एक क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी) भरलं तरी लगेच खाली का येतं? गळती समजायची का?

तुमच्या वर्णनावरून विमान 172 एस दिसतंय, म्हणजे 180 अश्वशक्तीचं लायकमिंग आयओ-360. काठोकाठ 8 भरलं, दोन-तीन उड्डाणांत डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) पातळी 7 च्या खाली आली, विमानाच्या पोटावर तेलाचा ओघळ, पण त्यानंतर 6 च्या आसपास बराच काळ टिकलं. मी एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे आणि याच इंजिनांवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. ही गळती वाटत नाही. पातळी फार वर असली की फिरणारा क्रँकशाफ्ट तेल उडवतो, त्याचे तुषार क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचाच्या) ब्रीदर नळीतून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतात आणि पोटाला चिकटतात. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी स्थानिक उड्डाणांसाठी 6 ते 7 वरच ठेवतात. मॅन्युअलप्रमाणे 5 च्या खाली उडायचं नाही.

तेव्हा आकडा किती यापेक्षा एक क्वार्ट किती तासांत संपतं, हे बघा. लायकमिंगच्या सूत्राने या इंजिनाला तासाला 0.58 क्वार्टपर्यंत खप मान्य आहे. ऐकून गाडीवाल्यांना घाम फुटतो! हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडर जास्त प्रसरण पावतात, फटी मोकळ्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे थोडं तेल जळतंच. पण मर्यादेच्या आत आहे म्हणून मी निश्चिंत होणार नाही. 10 तासांना एक क्वार्ट घेणारं इंजिन अचानक 4 तासांना घेऊ लागलं, तर ते मर्यादेत असूनही मी कम्प्रेशन (सिलिंडर दाब धरून ठेवतात का) तपासेन आणि खालचे स्पार्क प्लग काढून तेलकट आहेत का ते पाहीन. नव्या किंवा ओव्हरहॉल झालेल्या (पूर्ण उघडून दुरुस्त केलेल्या) इंजिनाला ही तुलना लावू नका. पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत खप जास्तच असतो.

मोजताना घोळ होतो तो वेगळाच. इंजिन नुकतंच बंद केलंय, तेल अजून वरच आहे, आणि कोणी डिपस्टिक बघून 'कमी आहे' म्हणत एक बाटली ओततो. सपाट जागी थोडा वेळ थांबून मोजा आणि किती घातलं ते प्रत्येक वेळी तासांसकट लिहा. बाकी सगळे हिशेब त्या नोंदीवरच होतात.

ओघळ कुठून निघतोय तेही बघा. ब्रीदरच्या मागे असेल तर वर सांगितलेलं कारण. काऊलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) पुढच्या भागावर किंवा काचेवर तेल आलं, तर पुढचं सील गेलेलं असू शकतं. विमान उभंच ठेवा. हवेत असताना ऑइलचं प्रेशर पडून ऑइलचं तापमान चढू लागलं, तर पॉवर कमी करून उतरायला जागा शोधा.

लांबच्या क्रॉस-कंट्रीला (दूरच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाला) मात्र मॅन्युअल 8 भरायला सांगतं. तेव्हा 8 च भरा, पोट उतरल्यावर पुसता येतं.